माघ्याच्या घरचा खांदा

हे मी रचून सांगत नाहीये. रचायचंच असतं तर रात्र घेतली असती, अमावस्या घेतली असती, एखादं वडाचं झाड उभं केलं असतं. हे घडलं भर दुपारी, अडीचच्या सुमाराला. ऑगस्ट २०२३, मोखाडा तालुका, सूर्यमाळच्या बाजूचा एक डोंगरपाडा. पाड्याचं नाव सांगत नाही. तिथे माणसं राहतात, त्यांना उगाच त्रास नको.

माझी मावसबहीण रंजना त्या पाड्यावर आशाताई आहे. भुताखेताचं कुणी काही बोललं की ती खो खो हसायची.

आता हसत नाही.

त्या दुपारी हेमराजची बायको सपना चुलीपाशी बसली ती उठलीच नाही. आठवा महिना चालू होता. अंगावरून रक्त जात होतं. रंजनाने बघितलं, हिला आत्ताच दवाखान्यात न्यायला हवं. डांबरी रस्ता चार किलोमीटर लांब, मधे नुसती निसरडी पायवाट. फोन लागतो तो फक्त टेकावर. तिथे धावत जाऊन तिने जीपवाल्या धनेशला रस्त्यावर यायला सांगितलं. परत आली आणि थाळी बडवायला लागली.

थाळी वाजली की प्रत्येक घरातून एक माणूस बाहेर येतो, अशी तिथली रीत. जाड बांबूला चादरीची झोळी बांधायची, आजाऱ्याला त्यात निजवायचं, एकाने पुढे आणि एकाने मागे खांदा द्यायचा. हीच डोली. दमलेला माणूस "खांदा!" म्हणून ओरडतो. मग पुढे चालणारी रंजना पाड्याच्या वरच्या टोकापासून एकेका घराचं नाव घेते. ज्याचं घर, तो येऊन बांबू घेतो. कुणी चुकवत नाही. उद्या आपल्याही घरावर ती वेळ येणार, हे सगळ्यांना माहीत असतं.

त्या दिवशी आले फक्त तिघे.

बाकीचे कोणी नाशिककडे मजुरीला, कोणी ओढ्यापलीकडे आपल्या खाचरात. आणि ओढा दुथडी भरलेला.

"मीपण खांदा देते," रंजना म्हणाली.

"बायांनी डोलीला खांदा नाय द्यायचा, ताई," रघू म्हणाला. साठीचा माणूस, हाडं मोजून घ्यावीत असा. "तू पुढं चाल. वाट दाव."

वाद घालायला वेळ कुठे होता? पुढे हेमराज, मागे रघू, बदलीला हेमराजचा चुलतभाऊ मुकेश. निघाले.

वरून पाऊस, आणि धुकं असं की हातातल्या काठीचं टोक दिसेना. अर्ध्या वाटेवर मुकेशचा पाय घसरला. घोटा पार वळला.

"तुमी जावा! मी बसतो हितंच!"

त्याला तिथेच सोडावं लागलं. आता बदलीला कुणी नाही... आणि समोर चढ.

सपनाचं कण्हणं ऐकू येत होतं, तोवर रंजनाला धीर होता.

मग ते थांबलं.

"सपना! झोपू नको गं! सपना!"

उत्तर नाही.

"खांदा!" मागून रघू ओरडला. "ताई, खांदा! मी पडन आता!"

रंजनाचं डोकं बधिर झालं होतं. सवयीने तोंडातून जे नाव निघालं ते निघालं.

"माघ्याचं घर!"

डोली थांबली नाही.

चालत राहिली.

थोड्या वेळाने तिच्या शेजारी कुणीतरी धापा टाकत आलं. बघते तर रघू. रिकाम्या खांद्याने.

"मुकेश आला वाटतं लंगडत. घेतला त्यानं बांबू," तो म्हणाला.

मुकेशला तर उभंही राहता येत नव्हतं. आणि रंजनाने नाव घेतलं होतं माघ्याच्या घराचं.

पाड्याच्या वरच्या टोकाचं ते पहिलं घर, पण तेव्हा सहा वर्षं बंद होतं. माघ्याची बायको गौरा बाळंतपणात अडली, तेव्हाही असाच पाऊस होता. रंजना नवी होती, घाबरली होती. म्हणाली, उजाडू दे, मग डोली काढू. उजाडल्यावर काढली... आणि याच चढावर गौरा गेली. माघ्याने घराला कुलूप घातलं आणि भिवंडी गाठली.

"ताई," पुढून हेमराजचा आवाज आला. "मागं कोन हाय? वझंच लागत नाय."

थांबून बघायचं? थांबलं की डोली खाली ठेवायची, आणि सपनाला तेवढाही वेळ नव्हता.

"चाल तू," रंजना म्हणाली. "मागं बघू नको."

तिने कान दिला. हेमराजच्या चपला चिखलात फतक फतक वाजत होत्या. रघूची धाप लागली होती. डोलीच्या मागच्या टोकाकडून मात्र...

काहीच नाही. एवढ्या चिखलात पायाचा आवाज नाही.

मग कुणीतरी पुटपुटल्यासारखं झालं. हळू, सारखं, शब्द न कळणारं. आणि त्यावर सपनाने क्षीण आवाजात हुंकार दिला.

रंजना रडत रडत चालत राहिली.

शेवटी जीपचा हॉर्न ऐकू आला. धनेश धावत आला, त्याने हेमराजकडून पुढचं टोक घेतलं. मागचं टोक रस्त्याकडेच्या दगडावर अलगद टेकवलेलं होतं.

"मागचा कुठं गेला?" धनेशने विचारलं.

मागे वाटेवर नुसतं धुकं होतं.

सपना वाचली. त्याच संध्याकाळी मोखाड्याला तिला मुलगी झाली, तीही वाचली. परत जाताना रघूला मुकेश जिथे सोडला होता तिथेच सापडला, घोटा भोपळ्यासारखा सुजलेला. "मी हललोबी नाय," म्हणाला.

रंजनाला आता वेगळीच धास्ती. माघ्याचंच काही बरंवाईट झालं नसेल ना? तिने फोन लावला.

"बोल ताई," पलीकडून माघ्या. "गोदामात हाय. दुपारपासून गाडी भरतोय."

तिचा जीव भांड्यात पडला. पण तीनच दिवस.

चौथ्या दिवशी ती सपनाला भेटायला गेली. डोलीत सपनाचं डोकं हेमराजच्या बाजूला होतं, म्हणजे तोंड मागे.

"ताई, मागं खांद्याला बाई कोन होती?" सपनाने विचारलं.

"...बाई?"

"हिरव्या लुगड्यातली. तोंड नाय दिसलं धुक्यात. मला डोळा लावू देत नव्हती. सारखी बोलायची."

"काय बोलायची?"

"म्हणं, रंजनाताईला सांग... या बारीला उजाडायची वाट नाय बघितलीस."

रंजनाने हे मला परवा सांगितलं, दोन वर्षं मनात कोंडून ठेवल्यावर.

"तिने मला माफ केलं, का सुनावलं? तूच सांग."

घरी आल्यापासून मीही स्वतःला तेच विचारतोय, आणि झोप लागत नाही.