चौकोनांमागचं देवगड

चीनमधल्या चेंगडूच्या लिन शूफेनबाई रोज दुपारी जेवण आटोपलं की दिवंगत नवऱ्याशी अर्धा तास गप्पा मारत, आणि यात आता कुणालाच काही वावगं वाटत नसे. माणसाची उभ्या आयुष्यातली पत्रं, निरोप, फोन एकत्र करून त्याच्यासारखी लेखी उत्तरं देणारी 'प्रतिवाणी' ब्राउझरमध्ये उघडता येऊ लागली, त्याला नऊ वर्षं झाली होती. तिचा नियम एकच: माणूस जे बोलला नसता, ते ती बोलत नाही.

लिनबाईंची तक्रार पुण्याला, प्रतिवाणीच्या दुरुस्ती कचेरीतल्या वैजयंती देवस्थळीकडे आली. 'म्हातारपणी कुठे राहायचं होतं, असं विचारलं की यांच्या उत्तरात नुसते रिकामे चौकोन येतात.'

खरं तर तक्रार चार महिन्यांची शिळी होती. चिनी पानावर चौकोन दिसले की अक्षरसंचाचा, म्हणजे फॉन्टचा, दोष म्हणायचं आणि पुढे ढकलायचं, ही त्या कचेरीची जुनी खोड. वैजयंतीने भाषेच्या फायली तपासल्या. चिनी मजकूर जागच्या जागी होता. मग तिने चौकोनांमागचा मजकूर उघडला आणि बघतच राहिली. तो मराठी होता. त्या पानाला फक्त चिनी अक्षरं पुरवली होती, म्हणून देवनागरीचे चौकोन झाले होते.

तिने बाईंना व्हिडिओ कॉल लावला. मध्ये दुभाष्या यंत्र होतं.

"तुमचे यजमान यशवंतराव जे चिनीत कधी बोललेच नाहीत, तिथे प्रतिवाणी त्यांच्या पहिल्या भाषेकडे वळते. त्यांच्या बहिणीने रविवारच्या फोनची रेकॉर्डिंग दिली होती ना, तिथून घेते."

"एकतीस वर्षं संसार केला मी. काय बोलले नाहीत?"

वैजयंतीची पंचाईत झाली. ठरलेला उपाय सोपा होता: तिथे चार गोड चिनी वाक्यं भरायची आणि तक्रार बंद. पण समोरचा चेहरा बघून तिला ते करवेना. तिने वाचून दाखवलं.

"पुढल्या वर्सा देवगडाक परत येतंय गे आक्का. हिका अजून सांगूक नाय."

"कधीचं आहे हे?"

"दरवर्षीचं."

लिनबाईंचे डोळे भरून आले. "मी गेले असते हो. एकदा विचारायचं तरी!" मग जरा सावरून म्हणाल्या, "मला त्यांच्या भाषेत विचारायला शिकवा. तुमच्यात बायको नवऱ्याला कशी हाक मारते?"

आठवडाभर शिकवणी चालली. 'ड' काही केल्या जमेना, पण बाईंनी हट्ट सोडला नाही. दरम्यान वैजयंतीने अक्षरसंच दुरुस्त केला. आठव्या दिवशी दुपारी बाईंनी दुभाष्या बंद केला, भाषा मराठी निवडली. वैजयंतीला त्यांचा पडदा दिसत होता.

"अहो, चला, देवगडला जाऊ या."

चौकोन आले नाहीत. स्वच्छ अक्षरं उमटली: 'आपण कोण? ओळखलं नाही.'

"मी लिन," बाईंनी पाठ केलेलं पुढचं वाक्य म्हटलं; देवनागरी त्यांना वाचता येत नव्हती.

'लिन नावाचं कुणी माझ्या ओळखीत नाही.'

वैजयंतीच्या आता लक्षात आलं. मराठीतले यशवंतराव म्हणजे फक्त ते रविवारचे फोन; आणि जुन्या वळणाच्या त्या माणसाने बहिणीपाशी बायकोचं नाव कधी घेतलंच नव्हतं. नेहमी 'ही'.

बाईंनी घाईघाईने दुभाष्या सुरू केला. "काय म्हणाले?"

"चल म्हणाले," वैजयंतीने सांगितलं.

लिनबाई हसल्या, डोळे पुसले आणि बॅग शोधायला आत गेल्या. पडद्यावर यशवंतराव पुन्हा विचारत होते, 'आपण कोण?'