सहजतेचा दंश

समुद्रतळावरच्या त्या खाणवसाहतीत न्यायासन फक्त इंग्रजी ऐकत असे, तेही सहज इंग्रजी. ज्याला ते येत नसे, त्याच्या कानामागे ‘दंशक’ बसवला जाई. कोट्यवधी माणसांनी आजवर उच्चारलेली वाक्ये त्या इवल्या यंत्रात साठवलेली होती. बोलणाऱ्याचे वाक्य त्या प्रवाहापासून जितके दूर, तितकी वेदना तीव्र. प्रवाहात आले की मेंदूत सुखाची एक मंद लाट. जीभ मग आपोआपच योग्य शब्द निवडू लागे. खरे बोलणारा अडखळत नाही, अशी न्यायासनाची श्रद्धा होती. अडखळलेली साक्ष बाद होई.

हिराजी तांडेलला एकच गोष्ट सांगायची होती. फाटक्या पोशाखात पाण्यात उतरायला नकार दिला, म्हणून मुकादम व्हॉसने त्याच्या धाकट्या भावाला, जनूला, जिवंतपणी अवजड माल ओढणाऱ्या यारीच्या दोराशी बांधले आणि तो चिरडून मरेपर्यंत यारी फिरवली.

सरावाच्या खोलीत त्याने तेच इंग्रजीत उच्चारले. त्याचे शरीर धनुष्यासारखे ताणले गेले. दातांखाली जीभ चिरली.

“व्याकरण चुकलं का, बाई?” रक्त थुंकत त्याने विचारले.

दंशक घडवणाऱ्या डॉ. मृण्मयी टिपणीस पडद्याकडे पाहत राहिल्या. “नाही हो. वाक्य शुद्ध आहे. पण असं वाक्य कुणी बोललेलंच नाही. यंत्राला ते परकं वाटतं.”

“म्हणजे आधी धा-बारा जणांना यारीत घालायला हवं होतं म्हणा. मग सोपं गेलं असतं!”

“काढून टाकू का दंशक?”

“काढला तर साक्ष घेतील?”

“नाही.”

“मग राहू दे.”

साक्षीच्या दिवशी व्हॉस समोरच बसला होता. हिराजीने दोराबद्दल सांगितले. नाकातून रक्त ओघळले. जनूच्या बरगड्यांच्या आवाजाबद्दल सांगू लागला, तेव्हा त्याने स्वतःच कठड्यावर डोके आपटले, पुन्हा आपटले. न्यायाधीश शांतपणे म्हणाले, “सहज बोला.”

आणि जिभेने शब्द निवडले: “देअर वॉज ॲन ॲक्सिडेंट.”

वेदना थांबली. आईने कपाळावर हात ठेवावा, तशी ऊब पसरली. पुढचे वाक्य आले, त्यापुढचे आले, आणि तो रडत रडत, कृतज्ञतेने, बोलतच राहिला.

व्हॉस सुटला.

बाहेरच्या बोळात डॉक्टरांनी दंशक काढला. “आता मराठीत सांगा, हिराजी. सगळं. मी ते इंग्रजीत करून वरच्या न्यायासनापुढे नेते. जनूला कुणी बांधलं?”

हिराजी आठवू लागला. जिथे दोर होता, तिथे आता गुळगुळीत, उबदार असे काहीतरी होते.

“बांधलं? अपघात झाला, बाई.”

बोळाच्या टोकाला व्हॉस उभा होता. हिराजी त्याच्यापाशी गेला, त्याचा हात दोन्ही हातांत घेतला आणि निर्दोष इंग्रजीत म्हणाला, “साहेब, तुम्हांला ते डोळ्यांदेखत पाहावं लागलं. फार वाईट झालं.”

व्हॉस हात सोडवू लागला. हिराजी तो थोपटत राहिला.