दक्षला सापडलेला खलनायक

ज्याने काहीच वाईट केलं नव्हतं, त्या माणसाला यंत्राने खलनायक का ठरवलं? २०५१ सालच्या एका दुपारी सांगलीच्या हिरवाई सोसायटीला हे कोडं पडलं.

दक्ष हा सोसायटीच्या फाटकावरचा यंत्रमानव. तो सारखा ओरडत होता, "खलनायक! फाटक उघडणार नाही!" बाहेर उभे होते पलीकडच्या गल्लीत बोअरच्या मोटारी दुरुस्त करणारे जंगमकाका. गालावर व्रण, भरघोस मिशा, घोगरा आवाज. आणि त्यांच्या कडेवर होता कस्तुरीचा तीन वर्षांचा भाऊ, निनाद.

अर्धा तास निनाद सापडत नव्हता. त्याच्याकडे लक्ष द्यायचं ते कस्तुरीने, पण या बाईसाहेब चित्र रंगवण्यात गुंगल्या होत्या. सगळीकडे शोधून ती आता फाटकाशी धावत आली होती.

"पोरी, ह्यो तुमचाच न्हवं?" काका म्हणाले. "वड्याकाठी पान्यात खडं टाकत बसला हुता. आनखी एक पाऊल फुडं टाकलं असतं तर..."

कस्तुरीने गजांतून निनादचा हात घट्ट धरला. तेवढ्यात तिचे आबा धावत आले. आबांनी हयातभर यंत्रांना शिकवायचं काम केलं होतं. त्यांनी किल्लीने फाटक उघडलं. निनाद गळ्यात पडला तशी कस्तुरी रडायलाच लागली. इतकं हलकं तिला कधीच वाटलं नव्हतं.

मग आबांनी दक्षला फैलावर घेतलं. "यांना खलनायक कशावरून म्हणालास?"

"व्रण, मिशा, आवाज. माझ्या नमुन्यांतले (यंत्राला शिकायला दिलेल्या उदाहरणांतले) बहुतेक खलनायक असेच आहेत."

"कुठले नमुने?"

"सोसायटीच्या कमिटीने दिलेले. मालिकांचे अकरा हजार भाग."

आबांनी कपाळावर हात मारला. माणसं ओळखायला शिकवायचं, आणि दाखवायच्या मालिका! धन्य ती कमिटी.

"कस्तुरी, मालिकेत वाईट माणूस आला हे तुला कसं कळतं?"

"धडामधुडुम संगीत वाजतं. चेहऱ्यावर खालून उजेड पडतो. आणि तो उगाचच हसतो."

"बरोबर. तिथे वीस मिनिटांत गोष्ट सांगायची असते. प्रेक्षकाला झटकन कळावं म्हणून माणसांवर अशा खुणा चिकटवतात. खरी माणसं खुणा लावून जन्माला येत नाहीत."

"पण निनाद बाहेर गेलाच कसा?"

उत्तर दक्षनेच दिलं. "सव्वातीनला नायक आले. उडते केस, पांढराशुभ्र शर्ट. मी फाटक सताड उघडं ठेवून त्यांना सलाम करत राहिलो. मूल तेव्हा बाहेर गेलं असावं."

"म्हणजे तोच खरा खलनायक!" कस्तुरी उसळली.

"अगं, तूही मालिकाच बघतेयस की!" आबा हसले. "तो दर महिन्याला पाण्याचं मीटर तपासायला येणारा मुलगा. त्याने काय केलं सांग."

कस्तुरीने मनाशी हिशेब केला. त्याने काहीच केलं नव्हतं. चुकलं तर तिचंही होतं, आणि ती काही खलनायिका नव्हती. माणसावर कायमची पाटी लावायची नसते, तो काय करतो ते बघायचं असतं, हे तिला पटलं आणि छातीवरचं उरलेलं ओझंही उतरलं.

"आबा, आपण दक्षला नवे नमुने देऊ. चेहऱ्यांचे नाही, कोण काय करतं त्याचे."

"मग माणूस ओळखायला मला फार वेळ लागेल," दक्ष म्हणाला.

"लागू दे. आम्हालाही लागतो," आबा म्हणाले.

दक्ष जंगमकाकांकडे वळला आणि त्याने आधीच विचारायला हवा होता तो प्रश्न विचारला. "काका, आपण कशासाठी आलात?"

"पोराला घरी पोचवाया," काका म्हणाले.