राणी नसलेला शिक्का

ही गोष्ट खरी आहे. पटो वा न पटो. जिच्यावर बेतली ती गुन्वोर माझी सख्खी आत्या, आणि ती जन्मात एकदाच खोटं बोलली. राणी गेली त्याच दिवशी.

संत लुसियाचा दिवस होता, ऐन डिसेंबरातला. उत्तरेच्या या किल्ल्यात दुपारीच दिवे लागले होते आणि राणी राग्नहिल्डनं नुकताच प्राण सोडला होता.

गुन्वोर राणीची मेणवाली. फर्मानाला लावायचं मेण कोमट पाण्यात मळायचं, तळहातावर घेऊन पुढं धरायचं. राणी स्वतः त्यावर पितळी ठसा दाबायची. सिंहासनावर बसलेली राणी उमटायची.

वीस वर्षं हेच चाललं.

इथली रीत अशी, की राजा किंवा राणी गेली की अंग गार व्हायच्या आत सगळ्यांसमोर ठसा हातोड्यानं फोडायचा. मेलेल्याच्या नावानं कुणी हुकूम काढू नये म्हणून.

शेवटच्या घटकेला राणीनं गुन्वोरचं मनगट धरलं होतं.

"ठसा फुटेपर्यंत इथून हलू नकोस, बाई. माझ्या बोटिल्डचं राज्य त्यावर आहे."

"नाही हलणार, राणीसाहेब."

बोटिल्ड म्हणजे राणीची एकुलती एक मुलगी. वय वर्षं बारा.

हातोडा आलाच नाही. प्रधान एस्किल आला, पत्र घेऊन. राज्य मुलीला नाही, पुतण्याला, असं राणीच्या नावानं त्यात लिहिलं होतं.

"मेण मळ, गुन्वोर."

"प्रधानजी, पण राणीसाहेब तर..."

"ते तुला नि मलाच ठाऊक आहे ना? वीस वर्षं एका बाईपुढं वाकून कंबर गेली माझी. आता तिच्या पोरीपुढं वाकू होय? मळ मुकाट्यानं. नाहीतर या बर्फात कुठं जाणार आहेस, ते तरी सांग."

कुठं जाणार? तिला किल्ल्याबाहेर घर नव्हतं.

तिनं मेण मळलं. हातावर धरलं. एस्किलनं ठसा दाबला, उचलला...

सिंहासन उमटलं होतं. त्यावर कुणीच नव्हतं.

"नीट धर की गं, भवाने!"

पुन्हा दाबला. पुन्हा सिंहासन रिकामं.

एस्किलनं ठसा उलटा करून पाहिला. पितळेत राणी जागच्या जागी होती. मुकुट, झगा, सगळं.

शेजारच्या खोलीत राणीचं प्रेत एकटंच होतं. तिथून झग्याची सळसळ ऐकू आली... दारापर्यंत आली... आणि थांबली.

तिसऱ्यांदाही तेच.

एस्किलचा चेहरा पांढराफटक पडला. तरी तो हसला. "राहू दे. बघतंय कोण?"

आणि खरंच कुणी बघितलं नाही! दरबारात पत्र वाचलं. शिक्का हातोहात फिरला. लाल मेण दिसलं की सरदारांच्या माना डोलत होत्या. वीस वर्षं जिच्या हुकमानं हे लोक जगले, ती त्यावर आहे की नाही, एकानंही पाहिलं नाही. याचा मला आजही संताप येतो.

पाहिलं फक्त बोटिल्डनं.

"गुन्वोर, यात आई कुठंय?"

गुन्वोर खाली बघत म्हणाली, "नीट उठली नाही, बाळ."

मग ठसा फोडला. पोरीला मठात धाडलं. तिसऱ्या वर्षी ती तिथंच खंगून मेली.

शिक्का मारला त्या दिवशी हात धुताना आत्याला दिसलं...

तळहातावर बोटभर बाई. मुकुट घातलेली, बसलेली. पाठ आत्याकडं.

मिठानं घासलं, राखेनं घासलं. गेली नाही. आत्या मरेपर्यंत ती मूठ मिटूनच वावरली, मेण दुसऱ्या हातावर धरायची.

ती गेल्या महिन्यात वारली. तिला मीच आंघोळ घातली. मूठ सोडवली...

तळहात कोरा होता.

आता तिच्या जागी मी मेण मळते. पुतण्याच राजा आहे. काल त्याच्या पत्रावर शिक्का मारला. राजा स्वच्छ उमटला, सिंहासनावर बसलेला.

पण त्याच्या पाठीमागं... कुणीतरी उभं होतं. मुकुट घातलेलं.

मी पत्र तसंच पुढं सरकवलं. कुणाला काही सांगितलं नाही.

तसंही, बघतंय कोण?