पेनड्राइव्हचं सीमोल्लंघन

सर्व्हर सुरू झाला. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. आता ते विसरायचं, कारण भगवंतरावांच्या घरात तो सुरू झालाच नाही असं एकमतानं ठरलं आहे आणि पाहुण्यांनाही तेच सांगितलं जातं. तर, सर्व्हर बंद होता.

अमरावतीत शेगाव नाक्याजवळच्या त्या घरात बैठकीतल्या कूलरवर तो असे. उन्हाळा संपला की कूलरला दुसरं काम नसतं. सर्व्हर म्हणजे भगवंतरावांच्या मुलानं, स्वप्निलनं, जुन्या कॉम्प्युटरात दोन मोठ्या डिस्क टाकून केलेली घरची कोठी. फोटो, लग्नाचे व्हिडिओ, सगळं तिथं. सुरू मात्र व्हायचा मागे खोचलेल्या नखाएवढ्या पेनड्राइव्हवरून. कोठीची किल्लीच म्हणा.

या कोठीत भगवंतरावांचा आवाजही होता. निवृत्त होईपर्यंत ते बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करत. उन्हाळ्यात घशाचं ऑपरेशन झालं, स्वरयंत्र काढलं, आणि तेव्हापासून ते समोर बसलेल्या माणसालाही मोबाइलवर लिहून पाठवत. भाषा स्थानकाचीच. 'चहा थंड होत आहे, संबंधितांनी नोंद घ्यावी.' संबंधित म्हणजे त्यांच्या पत्नी कौशल्याबाई.

नागपूरच्या एका दवाखान्यात त्यांच्यासाठी बोलणारं यंत्र तयार होत होतं. स्थानकावरच्या घोषणांची जुनी रेकॉर्डिंग आज संध्याकाळपर्यंत पोचली, तर ते यंत्र भगवंतरावांच्या आवाजात बोलणार होतं. नाही पोचली, तर तयार आवाजांतला एक बसवणार होते: 'पुरुष, मराठी, प्रसन्न'. त्याचा नमुना घरानं ऐकला होता.

"हा तं पुण्याचा हाय," कौशल्याबाई म्हणाल्या होत्या. "परक्या माणसासंगं या वयात संसार नाही होत बाप्पा माह्याच्यानं."

म्हणून स्वप्निल सकाळच्या गाडीनं अकोल्याहून आला, पाणीही न पिता कूलरमागे वाकला आणि पेनड्राइव्ह उपसला. तो पिवळा-तांबडा झाला होता. टोकाच्या फटीत तांदळाचा दाणा होता.

"आई, हे काय होय?"

"हळद-कुंकू."

"पेनड्राइव्हले?"

"तुह्ये बाबा दसऱ्याले स्टँडवर माइकची पूजा करत नव्हते का? आता माइक कुठून आणू? त्यायचा आवाज याच्यातच हाय म्हणे."

"आवाज डिस्कमधी हाय. याच्यात नाही."

"मंग मले काहून नाही सांगतलं कोणी?"

"अन् पूजा करून परत लावला?"

"लगेच नाही. पहिले सीमोल्लंघनाले नेला." कौशल्याबाईंनी हे दळण आणायला गेल्यासारखं सांगितलं. "यंदा त्यायले जाता आलं नाही. म्हटलं, आवाजाले तरी नेऊ. पदरात बांधला, वलगावच्या वाटेनं हद्दीपार गेली, सोनं घेतलं, आली वापस."

स्वप्निलचा फोन वाजला. खुर्चीतून भगवंतरावांनी लिहिलं होतं: 'याबाबत मला कळवण्यात आले नव्हते.'

लॅपटॉपनं पेनड्राइव्हला ओळखलं नाही. तो मेलाच होता. नवा भरण्याआधी सर्व्हर नेमकी काय तक्रार करतो ते पाहावं, म्हणून स्वप्निलनं किल्लीशिवायच बटण दाबलं. 'काही सापडलं नाही' असं पडद्यावर यायला हवं होतं. पंखा घुरघुरला आणि सर्व्हर सुरू झाला.

त्यानं बंद केला. परत लावला. परत सुरू.

झाकण उघडलं. आत धूळ होती, एक पालीचं अंडं होतं, दोन डिस्क होत्या. दुसरा पेनड्राइव्ह कुठंच नव्हता. आपण कशावरून सुरू झालो, हे सर्व्हर स्वतःच लिहून ठेवतो. त्या ओळीत नुसती मोकळी जागा होती.

"चालू झाला ना? मंग काहून उकरून राहिला?" कौशल्याबाई म्हणाल्या. यात तथ्य होतं. स्वप्निलनं लॅपटॉपवर बाबांचं फोल्डर उघडलं. रेकॉर्डिंग सगळी जागेवर होती. त्यानं एक लावलं.

हॉर्न. रडणारं लेकरू. गिला वडा विकणाऱ्याची आरोळी. मग माइकची खरखर, आणि घोषणेच्या जागी काहीच नाही. पण स्थानक ऐकत होतं. आरोळी थांबली, लेकरू गप्प झालं. आणि ते काहीच नाही संपल्यावर पिशव्या उचलल्या गेल्या, माणसं धावली. न झालेली घोषणा ऐकून लोकांनी गाडी पकडली.

दुसरं रेकॉर्डिंग तसंच. तिसरंही.

सगळ्यात खाली एक फाइल होती, आजच्या तारखेची. ती कोणी भरली नव्हती.

"अमरावती ते अकोला, मार्गे बडनेरा, मूर्तिजापूर. गाडी फलाटावर लागत आहे."

आवाज भगवंतरावांचा होता. कौशल्याबाईंनी पदर तोंडाला लावला. भगवंतरावांचा हात आपोआप गळ्यावरच्या रुमालाकडे गेला, मग मोबाइलकडे. 'सदर घोषणा मी केलेली नाही.'

खाली नवी फाइल आली. तिच्यात इंजिन होतं, खिडकीच्या काचांचा खडखडाट होता. तोच आवाज, पण माइकवरून नाही. शेजारच्या सीटवर सांगावं तसा, हळू:

"बडनेरा."

स्वप्निलनं घाईनं फाइल लॅपटॉपवर उतरवून घेतली. उतरलं ते फक्त इंजिन.

"मूर्तिजापूर," पुढची फाइल म्हणाली.

त्यानं दोन्ही डिस्क काढून पलंगावर ठेवल्या. फोल्डर उघडंच राहिलं.

त्यानं सर्व्हरची वायर उपटली. पंखा थांबला.

"बोरगाव मंजू."

"कुठं चालले हो तुमी?" कौशल्याबाईंनी कूलरला विचारलं. नवरा त्यांच्या शेजारी बसला होता.

थोड्या वेळानं स्वप्निलच्या बायकोचा, माधवीचा, अकोल्याहून फोन आला.

"अहो, मामाजीले इकडं पाठवलं का तुमी?"

"बाबा इथं हाय. माह्यासमोर. काहून?"

"मंग दारात कोण बोललं? नाव घेतलं माह्यं. दार उघडलं तं जिन्यात कोणीच नाही."

"काय बोलले?"

"पुढची गाडी कोणती म्हणे. मी म्हटलं, कुठं जायचं हाय मामाजी?"

"मंग?"

"मंग 'बरं' म्हटलं अन् गेले. पाय नाही वाजले हो. नुसतं 'बरं, बरं' खाली उतरत गेलं."

स्वप्निलनं लॅपटॉपकडे पाहिलं. फोल्डर रिकामं होतं.

भगवंतराव बराच वेळ लिहीत होते. चष्मा पुसून त्यांनी सगळं एकदा वाचलं, एक शब्द दुरुस्त केला आणि पाठवलं. स्वप्निलचा फोन वाजला, कौशल्याबाईंचा वाजला, आणि चालू राहिलेल्या कॉलवर पलीकडे माधवीचाही वाजलेला ऐकू आला.

'अकोला बसस्थानक, चौकशी खिडकी यांस नम्र विनंती. अमरावतीहून आलेला माझा आवाज आपल्या फलाटावर आढळल्यास त्यास पुढील कोणत्याही गाडीत चढू देऊ नये. परतीच्या गाडीत बसवून द्यावे. खिडकीजवळची जागा मिळाल्यास उपकार होतील. तो प्रथमच प्रवास करीत आहे.'