निनावी रानमूग

जिंतूरच्या डोंगरातील एका रानमुगाची पिकलेली शेंग मिळवावी, एवढ्याच हेतूने आम्ही दोघे कार्तिकातल्या त्या पहाटे दोराने कडा उतरत होतो. गतवर्षी मला तेथे केवळ फुले मिळाली होती. आणि बी तपासल्यावाचून ही जात नवी ठरत नव्हती, तिचे नामकरण अडून राहिले होते.

"मागल्या साली धा झाडं होती हितं," शेळ्या राखणारी तानुबाई म्हणाली. तिनेच मला ही जागा दाखवली होती. "तुमीच उपटून नेली की, सर."

"नमुना मुळासकटच घ्यावा लागतो," मी प्रतिपादन केले. "शिवाय प्रत्येक संग्रहालयास एक, असा संकेत आहे."

"मग शेंगाबी त्या संग्रहालयातच तोडायच्या की."

वर दोर धरून बसलेला तिचा मुलगा लिंबाजी हसला.

पायांखालचा मुरूम निसटत होता. अखेर दरीवर झुकलेल्या कपारीत एकुलती वेल दिसली. अळीने पोखरलेल्या शेंगांत एकच शेंग शाबूत, काळीभोर!

"दव हाय तवर तोडा," तानुबाई म्हणाली. "मूग आमी असाच तोडतो. ऊन लागलं की फुटतंय."

हे मलाही ठाऊक होते. परंतु शेंगेचे वर्णन ती वेलीवर असतानाच करावे, असे मी तीस वर्षे शिकवत आलो आहे. मी पट्टी काढली. लांबी, रुंदी, देठ, लव.

"अजून काय मोजायलात?"

उन्हाची तिरीप कपारीत शिरली.

तट्ट! शेंग पिळवटली. बिया उडाल्या. मी झेपावलो. पाय सुटला! दोराने कमरेला हिसका दिला. लिंबाजीने मला तोलून धरले. बिया दरीत गेल्या होत्या.

एक बी तेवढे मातीच्या भेगेत अडकले होते.

कवचाची घडण पाहायची तर बी चिरणे अटळ होते. चिरले की जातीला नाव मिळाले असते. कदाचित जात उरली नसती. मी पुष्कळ वेळ त्याच्यापुढे बोट धरून होतो.

"घेताव का?" तानुबाईने विचारले. या वेळी तिच्या आवाजात थट्टा नव्हती.

"नको."

तिने अंगठ्याने भेगेत माती लोटली.

"उगवेल ना?"

"येकलं बी, सर. कुणी सांगावं."

घरी येऊन मी वर्णन पूर्ण केले. 'बी' या शब्दापुढे लिहिले : पाहिले, घेतले नाही. नावाची ओळ अद्याप कोरी आहे.