डाव्या शॉकअपमधली हवा

"घाई नको गं. हवा आपली आपण वर येते. आपण दांडा हळू हलवायचा, अन् थांबायचं."

नेझाच्या नवऱ्याचा, तिलेनचा, हा आवाज चार वर्षांपूर्वीचा. स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्याची रिमोटची गाडी उघडी पडलेली असायची आणि तो शॉकअप भरत बसायचा. बोटाएवढी नळी, तिच्यात मधासारखं दाट, पाण्यासारखं नितळ तेल. त्याच आठवड्यात, तो कामावर असताना, खाणीत आग लागली. 'क्षणात गेला, त्याला कळलंसुद्धा नसेल,' असं खाणीतून आलेल्या प्रत्येकाने नेझाला सांगितलं. त्या एका वाक्याच्या आधाराने तिने चार वर्षं काढली.

आज तळ्याकाठच्या मातीच्या ट्रॅकवर शरदातली अंतिम शर्यत होती. तिलेनची धावायची राहून गेलेली. नेझाने गाडी त्याचीच आणली होती आणि सकाळच्या फेऱ्यांत दहा जणांतली शेवटची जागा कशीबशी मिळवली होती. सुटायला वीस मिनिटं उरली, तेव्हा मागचा डावा शॉकअप भुसभुशीत लागला. आत हवा राहिली होती. अशी गाडी उडीवरून उतरताना उसळते आणि उलटी पडते.

तिने झाकण काढलं, जुनं तेल ओतून टाकलं, नवं काठोकाठ भरलं. दांडा खाली, दांडा वर, सावकाश. राजगिऱ्याच्या दाण्यांसारखे बुडबुडे उठले, काठाशी आले, विरले. तेल निवळलं. आभाळाचा एक निळा ठिपका त्यात येऊन बसला.

मग तळातून एक बुडबुडा आला. त्याच्या पाठोपाठ दुसरा.

जरा थांबून पुन्हा दोन.

"काय गं, शॉकअप भरतेयस की बाळाला दूध पाजतेयस?" विन्को टेबलाशी आला. खाणीच्या बचाव पथकातून निवृत्त झालेला म्हातारा, आता शर्यतीचा पंच. "आमची म्हातारी एवढ्या वेळात अक्रोड भरलेली गोड पोतित्सा लाटून, भाजून, कापून मोकळी होते."

"तिच्या पोतित्सेत दात अडकतात, काका. माझं तेल तरी मऊ आहे."

तो हसला आणि हसता हसता खोकत राहिला.

नेझाने रबरी कड्या बदलल्या. पिस्टन बदलला. शेवटी नवी पाकीटबंद नळी फोडली, तेलाची नवी बाटली फोडली. भरलेला शॉकअप तिने स्टँडमध्ये उभा केला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

दोन. थांबून दोन.

तिने शर्यतीचं घड्याळ लावून पाहिलं. मधली उसंत दर वेळी चार सेकंदांची. ना कमी, ना जास्त. आणि आता फुटताना त्यांना आवाजही होता, लोखंडावर नख वाजावं तसा.

विन्कोने डोक्यावरची टोपी काढून हातात धरली होती.

"कधीपासून चाललंय हे?"

"मघापासून. सगळं नवं घातलं, काका. कुठून येतेय हवा, कळत नाही."

"आज राहू दे, पोरी. माझ्या नातवाची गाडी घे."

"मला हीच पळवायचीय."

"ऐक माझं."

"चार वर्षं घासलीत काका, या एका फेरीसाठी. उलटली तर उलटू दे. सुटणार हीच."

भोंग्यावरून पाच मिनिटांची सूचना आली. बाकीचे नऊ जण गाड्या उचलून निघाले. नेझाने तेलावर रबरी पडदा बसवला, झाकण उचललं, आट्यांवर टेकवलं.

टक-टक.

अर्धा आटा फिरवला.

टक-टक. आता पडद्याखालून.

विन्कोचा हात तिच्या हातावर पडला. गार.

"बंद करू नकोस."

"का?"

तो तिच्याकडे बघत नव्हता. नळीकडे बघत होता.

"आगीला हवा मिळू नये म्हणून आम्ही बोगद्याचं तोंड विटांनी बंद केलं," तो म्हणाला. "शेवटची वीट मी लावली. पलीकडून तो ठोकत होता, नेझा. दोनदा. थांबून दोनदा."